उभी खाडी, आडवी खाडी

ठाण्याच्या बाळकुमला आलेल्या पाहुण्याला मी सांगतो, की आपण आत्ता एका बेटावर उभे आहोत. तो आधी माझ्याकडे बघतो, मग नाक्यावरच्या रिक्षांच्या रांगेकडे. बेट म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे माड आणि वाळू येते. इथे मेट्रोचे खांब आणि भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर दिसतात. मग मी मोबाइलवर नकाशा उघडून देतो. कल्याणकडून आलेली उल्हास नदी साकेतच्या आसपास फुटते. एक फाटा बाळकुम, कोलशेत, घोडबंदर करत वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो, दुसरा ठाण्याची खाडी होऊन मुंबई बंदरात उतरतो. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला माहीमची खाडी. मध्ये उरलं ते साष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचं बेट. ठाणे, बोरिवली, अंधेरी, भाईंदर, सगळं त्याच्यावर.

या बेटाभोवतीच्या पाण्यावरून माणसं नेण्याची गोष्ट गेली कित्येक वर्षं होते आहे. अहवाल झाले, जेट्या मंजूर झाल्या, मंत्र्यांच्या घोषणा झाल्या. बाळकुमहून भिवंडीकडे नेणाऱ्या कशेळीच्या पुलावर संध्याकाळी सातला अडकलेल्या माणसाला त्या सगळ्या आठवतात, कारण खाली खाडी मोकळी पडलेली असते. एवढं पाणी असून बोट का नाही, हा त्याचा साधा प्रश्न. आजवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले तर मला त्याचं उत्तर दिशेत सापडतं. खाडीवरची वाहतूक दोन तऱ्हांची. एक आडवी, या काठावरून त्या काठावर. कोकणात तिला तर म्हणतात. दुसरी उभी, खाडीच्या लांबीने, गावामागून गाव घेत जाणारी. माणसांसाठी आडवी टिकली, उभी टिकली नाही. आणि आपल्या बहुतेक मोठ्या योजना उभ्या आहेत.

हे पाणी कधीकाळी खरोखरीची सरहद्द होतं. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे १६६१ च्या विवाह-तहात मुंबई इंग्रजांच्या वाट्याला गेली आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात आली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे माहीमच्या बाजूला इंग्रज, वांद्र्याच्या बाजूला पोर्तुगीज, आणि कल्याण-भिवंडी १६५७ पासून शिवाजी महाराजांकडे. कल्याणच्या बंदरात बांधलेलं गलबत समुद्रात न्यायचं तर ठाण्याच्या किंवा वसईच्या तोंडातून, दोन्हीकडे पोर्तुगीजांच्या नजरेखालून. मुंबईला जाणाऱ्या मालावर ठाणे आणि करंजा इथे पोर्तुगीज जकात घेत, आणि त्यावरून इंग्रजांच्या तक्रारींचा पाऊस पडे. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला तिथला किल्ला तेव्हा अपुराच होता. आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. १७३९ ला वसई पडली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. सरहद्द पुसली गेली, जकातीची सवय उरली. मुंबईची जकात बंद झाली ती १ जुलै २०१७ ला, आणि मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये.

सरहद्द गेल्यावर बेटं बांधली गेली. शीवचा बांध १८०५ मध्ये पुरा झाला. माहीम-वांद्रे हा मार्ग त्याआधी तरीचा होता, आणि पावसाळ्यात तो जिवावर बेतणारा असे. आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. लोकांकडून टोल घ्यायचा नाही, अशी अट सांगतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आली, पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. कल्याणचं बंदर त्या दिवशी बुडालं नाही, पण म्हातारं झालं. पहिल्या शतकातल्या ग्रीक नावाड्याच्या टिपणात ज्याचं नाव आहे ते हे बंदर.

इथे कोणी म्हणेल, की कल्याण-वसई हा उभा मार्ग मग हजार-दोन हजार वर्षं चाललाच की. चालला, पण मालासाठी. भात, मीठ, लाकूड, गवत, विटा, नंतर रेती. मचवा किंवा पडाव भरतीबरोबर वर चढे, ओहोटीबरोबर खाली उतरे. मध्ये पाणी सरलं तर चिखलात टेकून सहा तास थांबे. तांडेल तोवर भात शिजवून घेई. मालाला वेळेची घाई नसते. आठ-अठ्ठावीसची लोकल पकडणाऱ्या माणसाला उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचं, गणित सांगून चालत नाही.

आता योजना. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यातला ५३ क्रमांकाचा आपला: कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदीसह, लांबी १४५ किलोमीटर. ठाणे महापालिकेने पुढाकार घेऊन वसई ते कल्याण असा सुमारे ५४ किलोमीटरचा टप्पा आखला. वसई, मीरा-भाईंदर, घोडबंदर, नागला बंदर, कोलशेत, काल्हेर, पारसिक, अंजूर दिवे, डोंबिवली, कल्याण असे थांबे. त्यांपैकी भाईंदरची जेसल पार्क, कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली या चार जेट्यांना सागरमाला योजनेतून सुमारे शंभर कोटींची मंजुरी मिळाली. कागदावर हे सुंदर दिसतं. दहा थांबे एका निळ्या रेषेवर ओवलेले, अगदी लोकलच्या डब्यातल्या नकाशासारखे.

अडचण त्या साम्यातच आहे. ठाणे ते कल्याण लोहमार्गाने वीस किलोमीटर, जलद गाडी पंचवीस मिनिटांच्या आत पोचवते. खाडीची वाट त्याहून वळणावळणाची. बोट ताशी वीस किलोमीटरने गेली, मध्ये चार जेट्यांना लागली आणि सुटली, तर तासाभराहून जास्त. त्यात कोलशेतच्या जेटीपर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची रिक्षा धरा. डोंबिवलीच्या माणसाला लोकलची गर्दी नकोशी झाली आहे हे खरं, पण ती टाळायला तो दिवसाचे दोन तास वाढवून घेणार नाही. आठवड्यातून एकदा, मुलांना घेऊन, बोटीतून फिरायला मात्र तो जरूर येईल. ती सहल झाली.

आडव्या मार्गाचं गणित वेगळं. वर्सोव्याहून मढ समोर दिसतं. रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वे करत वीस किलोमीटरच्या वर वळसा. म्हणून तिथली तर अजून चालते. मार्वे-मनोरीची चालते, बोरिवली-गोराईची चालते. गोराई, मनोरी, उत्तन मिळून धारावी बेट होतं (झोपडपट्टीची धारावी वेगळी), त्यामुळे या तरी शब्दशः दोन बेटांमधल्या आहेत. मनोरीच्या बोटीवर सकाळी मासळीच्या पाट्या, शाळेची दप्तरं, दुचाक्या आणि बँडचा एखादा कलाकार आपल्या पेटीसह, असं सगळं एका फळीवरून चढतं. तिकिटाचं यंत्र नाही, ॲप नाही. नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडीत पाणजू बेट आहे. पश्चिम रेल्वेचा पूल त्याच्यावरून जातो, गाडी तिथे थांबत नाही. डोक्यावरून रोज लाखो माणसं जाताना बघत पाणजूकर होडीने नायगावला जातात.

याच आडव्या गणितावर दापोलीच्या सुवर्णदुर्ग शिपिंग या कंपनीने आपला पसारा वाढवला. तिचा प्रवास मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका भाग वाटतो. २००३ मध्ये तिने दाभोळ-धोपावे फेरी सुरू केली. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीचं मुख; अलीकडे दापोली तालुका, पलीकडे गुहागर. गाडीने जायचं तर खाडीच्या डोक्यापर्यंत, चिपळूणच्या बाजूला जाऊन परत यायचं. बोटीत गाडी घातली की काही मिनिटांत पलीकडे. पुढे वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा फेऱ्यांनी कोकण किनाऱ्याच्या फटी एकामागून एक सांधल्या गेल्या. सागरी महामार्गाचे पूल जिथे नव्हते तिथे या बोटी महामार्ग झाल्या. पुण्याहून दिवेआगर-हरिहरेश्वर करत गुहागरला जाणाऱ्या माणसाला आता त्यात नवल वाटत नाही.

मग ही कंपनी उत्तरेला, साष्टीच्या दाराशी आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली. महामार्गावरून वर्सोवे पूल करत जायचं तर ३८ किलोमीटर, पाण्यावरून साडेतीनच्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या खारवाडेश्री-जलसारची फेरी सुरू झाली: रस्त्याने साठ, पाण्याने दीड. भागाकार करून पाहा. एकीकडे अकरापट वळसा वाचतो, दुसरीकडे चाळीसपट. वेळापत्रक थोडं चुकलं, बोट पंधरा मिनिटं उशिरा सुटली, तरी प्रवासी टिकतो, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्यायच वाईट आहे. ठाणे-कल्याण मार्गावर हा भागाकार एकाच्याही खाली येतो.

छोट्या विमानांचा हिशेबही असाच असतो, म्हणून थोडं आकाशाकडे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण दोन मिनिटांच्या आत संपतं, आणि ते १९६७ पासून चालू आहे: अंतर तीन किलोमीटरहून कमी, मध्ये खवळलेला समुद्र, आणि शिक्षक-डॉक्टरांना रोज जायचंच असतं. कॅरिबियन बेटांना जोडणारी लियाट ही कंपनी १९५६ मध्ये निघाली. अनेक बेटांची सरकारं तिची भागधारक होती. प्रत्येकाला आपल्या बेटावर विमान हवं होतं, तोटा कोणी सोसायचा यावर एकमत होत नव्हतं, आणि तिकिटावर दोन्ही टोकांचे कर चढत होते. २०२० मध्ये ती कोसळली. आपल्याकडे ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान २०१७ मध्ये उडालं. २०२३ च्या कॅगच्या अहवालात तिसऱ्या फेरीपर्यंतचा हिशेब आहे: ७७४ मार्ग दिले गेले, ४०३ सुरूच झाले नाहीत; जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि अनुदान संपल्यावर उभे राहिले ते ५४. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तेव्हा मालवण-वेंगुर्ल्यात काय आनंद होता! मुंबईची ती सेवा तीन वर्षांच्या मुदतीबरोबर थांबली. गोव्याहून मार्च २०२४ मध्ये उडू लागलेल्या फ्लाय ९१ ने सत्तर आसनी एटीआर घेऊन सिंधुदुर्ग, जळगाव आणि लक्षद्वीपचं अगत्ती जोडलं. अगत्तीला बोटीने जायचं तर केरळहून रात्रभराचा प्रवास. तिथे लहान विमानाला जागा आहे हे सांगायला सल्लागार लागत नाही.

आपल्या महानगरात या नियमाची परीक्षा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. बेलापूर ते भाऊचा धक्का जलटॅक्सी सुरू झाली. भाडं कमीत कमी २९०, स्पीडबोटीला त्याच्या तिप्पट-चौपट. हार्बर लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट वीस-पंचवीस रुपयांत. बरं, भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाला जायचं असतं फोर्टात किंवा नरिमन पॉइंटला; तिथून पुढे टॅक्सी. प्रवासी फिरकले नाहीत. नेरुळची जेटी तर बांधून तयार झाल्यावरही कित्येक वर्षं बोटीविना बसून राहिली. याउलट मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का-मांडवा रो-रो भरून जाते. तीही म्हणायला लांबची आहे, पण बंदर आडवं ओलांडते आणि पेण-वडखळचा शंभर किलोमीटरचा वळसा वाचवते.

दर बैठकीत कोचीचं नाव निघतं. एप्रिल २०२३ मध्ये तिथली जलमेट्रो सुरू झाली. पूर्ण झाल्यावर ७६ किलोमीटर, ३८ धक्के, ७८ विजेच्या बोटी, दहा बेटं. मुंबई महानगराच्या जलमेट्रोचा अभ्यासही कोची मेट्रोकडेच सोपवला गेला. कोचीचं कौतुक खरंच आहे, आणि त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे: रेल्वे-मेट्रोचं आणि बोटीचं तिकीट एक, मालक एक, धक्के तरंगते. पण कोचीच्या वेंबनाडमध्ये भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आत असतो. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवशी तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. सकाळी जिथे बोट लागली तिथे दुपारी बगळे उभे असतात. तरंगता धक्का इथे करायचा तर त्याला लांब, उतार बदलणारा पूल हवा, आणि आपल्या खाडीत गाळ इतका आहे की तो आधी उपसावा लागेल, मग दरवर्षी पुन्हा. त्यावर कांदळवन. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिवरांना हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे. ऐरोलीच्या खाली ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर पाणथळही. तिथून वेगवान बोटी न्यायचा विचार करणाऱ्याने आधी जानेवारीत एक फेरी मारून यावी. पुलांची उंची हा आणखी एक मुद्दा. वरून मोकळी दिसणारी खाडी खालून, जुन्या कमानींच्या आणि जलवाहिन्यांच्या मधून, बरीच अरुंद आहे.

आणि मालकी. कोचीला एक मंडळ आहे. इथे एका निळ्या रेषेवर वसई-विरार, मीरा-भाईंदर, ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली अशा पाच महापालिका बसल्या आहेत. काल्हेर-कशेळीच्या बाजूला ग्रामपंचायती, त्यांच्या नियोजनाला एमएमआरडीए, पाण्याला मेरीटाइम बोर्ड, जलमार्गाला केंद्राचं प्राधिकरण. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा वसईची खाडी पुन्हा एकदा सरहद्द झाली, या वेळी जिल्ह्यांची. जुन्या तरी १८६८ च्या मुंबईच्या फेरी कायद्याखाली लिलावाने दिल्या जात. बोटींसाठी आता २०२१ चा नवा अंतर्देशीय नौका कायदा आहे. नौकेची नोंदणी, उतारूंची मर्यादा, जीवरक्षक जाकिटं, यांवर त्यात भर आहे. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून पंधरा. एवढं झाल्यावर जाकिटाचा आग्रह धरणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये.

परत बाळकुमला येऊ. कोलशेतच्या बंदरावर उभं राहिलं की समोर काल्हेर. मधे पाणी, पलीकडे गोदामं आणि नव्या इमारती. रस्त्याने जायचं तर बाळकुम नाका, कशेळी पूल, मग परत वर. आडव्या मार्गासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, आणि दोन्ही काठांवर जेटी मंजूर आहे. पण नेमका तिथेच, कोलशेत-काल्हेर असा खाडीपूल एमएमआरडीएने आखला आहे. वर कासारवडवली-खारबाव आणि गायमुख-पायेगाव हे आणखी दोन. बाळकुम नाका-कशेळी-काल्हेर ही मेट्रो पाचची स्थानकंच आहेत. म्हणजे ज्या जागी बोट खरोखर चालली असती तिथे पूल येणार, आणि जिथे लोकल आहे तिथे बोटीचा अहवाल. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून पलीकडे जाणाऱ्या होड्यांचं हेच झालं. मोठागाव-माणकोली पूल झाल्यावर त्यांना विचारतं कोण?

पूल नकोत असं म्हणणारा मी नव्हे. कशेळीला रोज तासभर घालवणाऱ्याने पुलाला विरोध करणं म्हणजे उपाशी माणसाने जेवणाच्या चवीवर बोलणं. पण तीन पूल एकदम होणार नाहीत. निविदा, भूसंपादन, कांदळवनाची परवानगी यांत वर्षं जातील. तेवढी वर्षं कोलशेत-काल्हेर, नागला बंदर-खारबाव असे दोन-तीन छोटे आडवे मार्ग गाड्या नेणाऱ्या साध्या बोटींवर चालू शकतात. कोलशेत-काल्हेरला तर मंजूर जेट्याच पुरतील. पूल झाला की बोट उचलून पुढच्या खाडीत न्यायची. बोटीचा पुलापेक्षा तोच तर फायदा, तिला चाकं नसली तरी ती हलते. त्यासाठी ५४ किलोमीटरच्या रेषेची वाट बघायला नको; लागतील दोन काठांच्या दोन कार्यालयांच्या दोन सह्या, आणि जेटीच्या दाराशी शेअर रिक्षांचा थांबा. या तिन्हींत अवघड कोणती, हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

मागच्या रविवारी कोलशेतला एका नाखव्याला विचारलं, पलीकडे सोडणार का. त्याने पाण्याकडे बघितलं. ‘‘आत्ता सुकती आहे,’’ म्हणाला. ‘‘चारला या. भरती लागली की सोडतो.’’ चारपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. मी रिक्षा केली आणि पाऊण तास कशेळीच्या पुलावर बसून त्याची होडी खाली चिखलात टेकलेली बघत राहिलो.